पोयेरावालीचं काळं

ला पाझ शहराच्या वरच्या पठारावर, एल आल्तोत, कुणाच्या पोराचं लग्न ठरलं की पोरगी कुठली, काय शिकली, हे शेजारणी नंतर विचारतात. आधी विचारतात, "पोयेरावाली की फ्रॉकवाली?" उत्तर मिळालं की अर्ध्याजणींना पुढचं काही विचारायची गरजच उरत नाही.

तसं बघायला गेलं तर पोयेरा म्हणजे नुसता घेरदार घागरा. कमरेशी बारीक चुण्या, खाली आडव्या दुमडी, आत परकरावर परकर. पण हा शब्द कापडापाशी थांबत नाही. जत्रेत नाचायचं म्हणून एका दिवसापुरती भाड्याची पोयेरा नेसणाऱ्या शहरी पोरी ढिगानं आहेत. त्यांना कुणी पोयेरावाली म्हणत नाही, पाठ वळली की हसतात. उलट खरी पोयेरावाली न्हाणीघरात अंगावर पाणी घेत असली तरी पोयेरावालीच असते. आणि जिनं आईनं नेसवलेली पोयेरा उतरवून कायमचा फ्रॉक चढवला, तिच्यासाठी बायकांनी वेगळाच शब्द ठेवलाय, बिरलोचा. तो उच्चारताना थोडी थुंकी उडतेच, कितीही जपून बोला.

निकोलासा खरी पोयेरावाली होती. भल्या पहाटे ती चौकात आपी विकायची. जांभळ्या मक्याची ती वाफाळती पेज पोटात गेल्याशिवाय मिनीबसवाल्यांच्या तोंडून शिवीसुद्धा नीट फुटत नसे. निकोलासा बुटकी, रुंद, जिभेची तिखट. उधार मागणाऱ्याला ती म्हणायची, "तुझी बायको उधार देते का रे हसायला?" तिचा नवरा एउसेबियो ट्रक चालवायचा आणि जन्मभर तिच्या जिभेला घाबरून तिच्यावर जीव टाकायचा. तो छातीच्या दुखण्यानं गेला, आणि निकोलासानं काळी पोयेरा, काळी शाल, काळी गोल टोपी असा सगळा काळा साज चढवला.

आमच्याकडे वर्षभर काळं घालतात आणि वर्ष भरलं की ते उतरवतात. उतरवणारी बाई घरातली चालत नाही, मान देऊन बाहेरून बोलवावी लागते. ती माद्रिना. रंगीत कपडे तिनं आणायचे, काळं तिनं स्वतःच्या हातानं काढायचं, रंगीत तिनं चढवायचं. मग बँड वाजतो, बिअर फुटते आणि घराला पुन्हा हसायची मोकळीक मिळते. माद्रिनेनं आणलेल्या कपड्याला नाही म्हणायचं नाही. म्हटलं तर मेलेल्याचा जीव उंबऱ्यात अडकतो, असं म्हातारी माणसं सांगतात. आणि विधवेच्या अंगावर काळं आहे तोवर त्या घरात लग्न नाही. यावर तर तरुण माणसंही वाद घालत नाहीत.

निकोलासाचा एकुलता एक मुलगा ग्रोव्हर इंजिनिअर होता. खाली ला पाझमध्ये एका पूल बांधणाऱ्या कंपनीत कामाला होता, आणि त्याचं लग्न ठरलं होतं ते खालच्याच नोएलियाशी. नोएलियाची आई दोन्या एल्विरा, म्हणजे एल्विराबाई, औषधांच्या दुकानांची मालकीण. दुकानांवर मोठ्या अक्षरांत 'क्विसबर्ट' हे साहेबी आडनाव लिहिलेलं.

साखरपुड्याचं जेवण एका क्लबात झालं. एल्विरानं हात पुढे केला आणि निकोलासानं तिला तत्काळ ओळखलं. कसली क्विसबर्ट! ही तर एल्विरा क्विस्पे, वाळल्या माशांवाल्या कासिमिराची पोर. वरच्या बाजारात कासिमिरा आणि निकोलासाची आई वर्षानुवर्षं शेजारीशेजारी पाल ठोकून बसायच्या, आणि या दोघी पोरी त्यांच्या पोयेरांच्या घेरात लपाछपी खेळायच्या. एल्विरानंही ओळखलं. तिच्या बोटांनी जरा जास्तच घट्ट हात दाबला.

"माझी आजी सुक्रे शहरात शाळेत शिकवायची," सूप पिता पिता नोएलिया कौतुकानं सांगत होती. "पियानो वाजवायची म्हणे!"

"असं का?" निकोलासा म्हणाली आणि सूप ढवळत राहिली. दुसऱ्याच्या घरातला पियानो आपण कशाला फोडायचा?

त्याच जेवणात आणखी एक गोष्ट घडली. निकोलासा हात धुवायला उठली तर एका वेटरनं उष्ट्या ताटल्यांची चळत तिच्या हातात दिली. "मावशी, स्वयंपाकघर त्या बाजूला." त्याला वाटलं, पोयेरावाली आहे म्हणजे भांडीवाली. सगळ्या टेबलानं ते पाहिलं. एल्विरा रुमालाची घडी घालू लागली. ग्रोव्हरचे कान लाल झाले, पण त्यानं तोंड उघडलं नाही. निकोलासानं ताटल्या घेतल्या, टेबलाशी परत आली आणि त्या ग्रोव्हरपुढे ठेवल्या. "घे बाळा, तुझ्यासाठी पाठवल्यात," म्हणाली आणि हात धुवायला गेली.

म्हणून वर्ष भरत आल्यावर ग्रोव्हर जेव्हा म्हणाला, "आई, माद्रिना म्हणून एल्विराबाईंना बोलवायचं का?" तेव्हा निकोलासाला बरं वाटलं. तिला वाटलं, पोराला त्या दिवसाचं मनाला लागलंय, आता तो विहिणीला वर आणून आपल्या आईला मान द्यायला लावतोय.

तिची शेजारीण सातुर्निना मात्र ऐकून खोकलीच. सातुर्निना चौकात भजी तळायची आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीत तिला काळंबेरं दिसायचं. "फ्रॉकवाली माद्रिना? ती काय आणणार तुला? खोकल्याचं औषध?"

"रंगीत काहीतरी आणेल की. सगळ्यांना माहीत आहे काय आणायचं असतं."

"भीड भिकेची बहीण गं बाई. नाही म्हण."

"पोराला नाही कसं म्हणू? आणि खरं सांगू? मला या काळ्याचा वीट आलाय. परवा गल्लीच्या टोकाच्या दुकानात केशरी पोयेरा टांगलेली बघितली तर डोळ्यांत पाणी आलं माझ्या. एउसेबियोला केशरी फार आवडायची." हे सांगताना निकोलासा तरुण पोरीसारखी लाजली आणि मग लाजली म्हणून स्वतःवरच चिडली.

रविवारी सकाळी प्रार्थना झाली, कबरीवर फुलं वाहून झाली, आणि सगळी मंडळी निकोलासाच्या अंगणात जमली. निळ्या ताडपत्रीखाली खुर्च्या, एका बाजूला बिअरचे क्रेट, चुलीवर रटरटणारं मटण. बँडवाले कर्णे पुसत कोपऱ्यात उभे होते. मधोमध एक खुर्ची, तीवर काळ्या साजातली निकोलासा. सुरुवात विधवेपासून करायची असते. तिचं उतरलं की मग मुलाचं, मग बाकीच्यांचं.

दोन्या एल्विरा मोटारीतून उतरली. करड्या रंगाचा कोट, उंच टाचा, मागे नोएलिया, तिच्या हातात चकचकीत मोठा खोका. एल्विरानं निकोलासाला मिठी मारली, दोन शब्द बरे बोलली आणि खोका उघडला. वरचा पातळ कागद बाजूला झाला. आत गडद निळा स्कर्ट आणि त्याच रंगाचा कोट होता. खाली मोतिया ब्लाउज आणि छोट्या टाचेचे बूट.

अंगणात कुणीतरी "अगं बाई" म्हणालं.

"लग्नात तुमच्या माझ्यात फोटो निघतील ना विहीणबाई," एल्विरा गोड आवाजात म्हणाली. "कापड बाहेरदेशचं आहे. वेण्यांचं नंतर बघू. माझी केस कापणारी आहे, अगदी हळुवार हात आहे तिचा."

निकोलासानं स्कर्टाकडे पाहिलं. मग ग्रोव्हरकडे. पोरगा ताडपत्रीच्या दोरीची गाठ तपासत होता, जणू ती आत्ताच सुटणार होती. तेव्हा तिच्या लक्षात आलं. हे विहिणीच्या डोक्यातलं नव्हे, हे पोराच्या डोक्यातलं. रीत त्याला पाठ होती. माद्रिनेच्या कपड्याला नाही म्हणता येत नाही. साऱ्या गोतासमोर, बापाच्या आत्म्याच्या नावानं, आईला फ्रॉकवाली करून टाकायची, आणि तिला बोलायला जागाच ठेवायची नाही. इंजिनिअर झालेला पोरगा, हिशेब बरोबर केला होता त्यानं.

एल्विरानं तिच्या शालीच्या पिनेला हात घातला. निकोलासानं तो हात धरला आणि अलगद बाजूला ठेवला.

"विहीणबाई, तुम्ही आणलेल्या कपड्याला मी नाही म्हणत नाही. रीत मला कळते. सुंदर कापड आहे, तिथे ठेवा. मी फक्त माझं काळं उतरवत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे अजून माझं रडून झालेलं नाही," निकोलासा म्हणाली आणि शालीची पिन आणखी घट्ट टोचून घेतली.

एका क्षणात अंगणाला सगळा अर्थ कळला. विधवा काळ्यात, म्हणजे बँड नाही. बँड नाही म्हणजे बिअर नाही. आणि पुढच्या महिन्यातलं लग्नही नाही. ग्रोव्हरनं दोरी सोडली आणि तो धावत आला.

"आई, असं काय करतेस? सगळे बघतायत."

"बघू देत. बघायलाच बोलावलंयस ना तू त्यांना?"

बँडमास्तर क्लेमेंतेनं घसा खाकरला. "दोन्या निकोलासा, आम्ही काय करू? ओठ गारठलेत आमचे."

"चुलीपाशी जा, रस्सा घ्या. कुणी घरी जायचं नाही. जेवा, कोकाची पानं चघळा, बसा. ज्यांच्या हातून उतरायचं त्यांच्याच हातून उतरेल. दुसऱ्या कुणाला मी शिवू देणार नाही. आणि नाही उतरलं तर हेच नेसून मरेन. काळं काही टोचत नाही मला."

ती उठली आणि आतल्या खोलीत गेली. ग्रोव्हर मागोमाग गेला, त्याच्यामागे सातुर्निना न बोलावता शिरली. दार लोटायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

सातुर्निनाचा आधीच स्फोट झाला होता. "सांगून टाक! सगळ्यांपुढे सांग ती कोण आहे ते! आख्ख्या बाजाराला माहीत आहे. म्हण तिला तो शब्द, अशी पळेल की टाचा मोडतील!"

"कोण आहे? कोणता शब्द?" ग्रोव्हर म्हणाला.

"काही नाही." निकोलासानं सातुर्निनाला दारापर्यंत ढकललं. "तिनं काय सोडलं ते तिचं. तिच्या आईची पोयेरा मी का म्हणून चव्हाट्यावर धुऊ? मला माझी राखायचीय. जा, मटण बघ, लागेल खाली."

मग ती पलंगावर बसली. ग्रोव्हर तिच्यापुढे खाली गुडघ्यांवर बसला, लहानपणी बूट हरवून आला की बसायचा तसा.

"एकच दिवस, आई. फक्त लग्नाचा दिवस. फोटो झाले की कपाटात टाक तो स्कर्ट, परत नेस तुझी पोयेरा. कोण अडवतंय?"

"एक दिवस? आणि दुसऱ्या दिवशी मी कोण? पोयेरा म्हणजे टोपी आहे काय रे, देवळात काढायची आणि बाहेर आलं की घालायची? एक दिवस जी उतरवते ती उरलेले सगळे दिवस नुसतं सोंग घेते. माझ्या आईनं नेसवलीय ही मला. तुझ्या बापानं हिच्यातली बाई बघून लग्न केलं. चौकात मला नावानं कोण ओळखतं? 'त्या पोयेरावालीकडची आपी' म्हणतात. हे काढलं तर आत कोण आहे, सांग ना. मलाच माहीत नाही."

"मला परत तसं व्हायला नकोय तुला. त्या क्लबासारखं. त्या ताटल्या..."

"मग वेटरला बदल! मला कशाला बदलतोस?"

बाहेर चमचे वाजत होते. मग तो हळूच म्हणाला, आणि या वेळी खरं बोलला. "मला लाज वाटली, आई. त्याची नाही. तुझी."

निकोलासाला हे ठाऊक होतं. ठाऊक असलेली गोष्टसुद्धा पोटच्या पोराच्या तोंडून ऐकली की लागायची ती लागतेच. तिचे डोळे भरले आणि तिनं ते पुसले नाहीत.

"ते मला आज कळलेलं नाही. तू शाळेत होतास तेव्हा फाटकातून मला बघितलंस की मान फिरवायचास. मी काय केलं? रस्ता ओलांडून पलीकडे उभी राहायला लागले, झाडाआड, म्हणजे तुझ्या मित्रांना दिसू नये. तू एकटा आलास की मग तुझं दप्तर घ्यायचे. मला वाटलं, लहान आहे, मोठा होईल तेव्हा हाक मारील. तू मोठा झालास, इंजिनिअर झालास, आणि आता म्हणतोस झाडाआड जा, आणि या वेळी झाडसुद्धा घेऊन आलायस बाहेरदेशच्या कापडाचं. नाही जाणार. लाज वाटू दे तुला. लाजेनं माणूस मरत नाही, मी बघितलंय. पण एक सांग. उद्या तुला पोरगी झाली आणि तिनं विचारलं, बाबा, आजी कोण होती? तर काय सांगशील? पियानो वाजवायची म्हणून सांगशील?"

शेवटची वाक्यं तिनं आवाज चढवून म्हटली. मुद्दाम नाही, रागानं. पण दार उघडंच होतं आणि दाराबाहेरच्या बाकावर मांडीवर खोका घेऊन दोन्या एल्विरा बसली होती.

ग्रोव्हर उठला तो सरळ अंगणात गेला. तिथे वातावरण तापलं होतं. निकोलासाच्या चुलत बहिणी एल्विराभोवती कोंडाळं करून उभ्या होत्या. एक म्हणत होती, "आम्हाला हिणवायला आलात का?" दुसरी म्हणत होती, "तुमच्या खालच्या लोकांत अशीच माद्रिना असते का?" नोएलिया रडवेली होऊन आईच्या कोटाला धरून उभी होती.

"त्यांना बोलू नका," ग्रोव्हर म्हणाला. आवाज फुटेना म्हणून त्यानं परत म्हटलं. "त्यांना बोलू नका. स्कर्ट आणायला मी सांगितलं होतं. केसांचंही मीच सांगितलं. मला वाटलं होतं, आईला नाही म्हणता येणार नाही."

कुणी त्याला शाबासकी दिली नाही. एक म्हातारा काका नुसतं "गाढवा" म्हणाला आणि त्यानं बिअरच्या न उघडलेल्या बाटलीकडे दुःखानं पाहिलं. निकोलासा दारात येऊन उभी राहिली होती. पोराचं बोलणं तिनं ऐकलं. तिचं मन जरा हललं, पण हात शालीवरच राहिला. तो खरं बोलला म्हणून तिनं पोयेरा सोडावी, असा काही सौदा झालेला नव्हता.

दोन्या एल्विरा उठली. खोका बाकावर ठेवला, पर्स उचलली आणि कुणाकडे न बघता फाटकाबाहेर पडली.

"गेली!" सातुर्निना म्हणाली. "आता? माद्रिनाच गेली. आता तू जन्मभर काळीच."

"असू दे."

"आणि पोराचं लग्न?"

"त्याला करायचं असेल तर त्याच्या आईचं काळं उतरवणारी माद्रिना तो शोधेल." निकोलासा खुर्चीवर जाऊन बसली, दोन्ही हात मांडीवर, पाठ ताठ. नोएलिया तशीच अंगणात उभी होती, घरी जावं की राहावं हे न कळून. निकोलासानं तिला शेजारची खुर्ची दाखवली. "बस पोरी. रस्सा पी. तुझं-माझं काही भांडण नाही."

पोरीनं वाटी घेतली. मोटार दारातच होती, म्हणजे एल्विरा पायीच गेली होती. त्या खडबडीत गल्लीत त्या टाचांवर कुठे गेली असेल, यावर बायका कुजबुजत राहिल्या. रश्शावर चरबी थिजली. क्लेमेंतेचा ढोलवाला बसल्या जागी पेंगू लागला.

एल्विरा आली ती धापा टाकत. बूट धुळीनं माखलेले, कपाळावर केस चिकटलेले, हातात टोकाच्या दुकानाची पिशवी. गळ्यात दुधी रंगाची झालरीची शाल टाकलेली आणि एका हातात तपकिरी गोल टोपी, टोपीला खोका नाही, कागद नाही. ती थेट निकोलासापुढे येऊन उभी राहिली. चेहऱ्यावर गोडवा नावालाही नव्हता.

"माझ्या हातून कुणी काळंच परत गेलं, असं एल आल्तोत कुणी म्हणायचं नाही. उठा. चादर धरा गं कुणीतरी!"

चौघीजणींनी पट्ट्यापट्ट्यांची मोठी चादर धरून आडोसा केला. एक कोपरा नोएलियाच्या हाती आला. एल्विरानं पिशवी उलटी केली आणि आतून लाल पोयेरा बाहेर पडली. केशरी नव्हे. डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल. निकोलासा बघत राहिली. तिला माप विचारलं नव्हतं, उंची विचारली नव्हती, आणि घडी मोडताच दिसत होतं की ती बरोबर बसणार आहे.

एल्विरानं अंगठ्या काढून कोटाच्या खिशात टाकल्या. शालीची पिन काढली, काळी टोपी काढली, काळ्या पोयेराची नाडी एका हिसड्यात सोडली. काळं कापड पायांशी पडलं. लाल पोयेरा तिनं डोक्यावरून घातली, कमरेशी चुण्या अंगठ्यानं मागे सारल्या, नाडी दोनदा फिरवली आणि गुडघा निकोलासाच्या कुल्ल्याला लावून कचकन ओढली.

"पोट आत घ्या."

"घेतलंय."

"कुठे घेतलंय? आपी फार पिता तुम्ही." गाठ तिनं डाव्या बाजूला मारली, टोकं आत खोचली आणि वाकून परकरावर पोयेराचा घेर दोन्ही हातांनी झटकून सारखा केला. क्षणाचं काम. बघूनसुद्धा ही हातोटी येत नाही, रोज पहाटे स्वतःच्या कमरेवर करून येते.

चादरीचा कोपरा हलला. "आई," नोएलिया म्हणाली. "तू हे कुठे शिकलीस?"

एल्विरा घेर झटकत राहिली, झटकायचं काही उरलं नसतानाही.

"आई?"

"माझ्या आईनं शिकवलं."

"सुक्रेच्या आजीनं?"

"सुक्रेला कुणी नव्हतं." एल्विराचा आवाज इतका खाली गेला की तिच्या अगदी समोर उभ्या असलेल्या निकोलासालाही तो कान देऊन ऐकावा लागला. "माझी आई पोयेरावाली होती. इथेच वरच्या बाजारात मासे विकायची. मीही होते. तुझ्या वयाची होईपर्यंत होते."

नोएलियानं हातातली चादर खाली सोडली, आणि लाल पोयेरातली निकोलासा साऱ्या अंगणाला दिसली. कुणीतरी टाळी वाजवली. क्लेमेंतेनं कर्णा ओठांना लावला.

निकोलासानं हात वर करून त्याला थांबवलं. एल्विराच्या हातातली तपकिरी टोपी घेतली, आपल्या दोन वेण्यांवर वाकडी बसवली आणि विहिणीच्या डोळ्यांत डोळे घालून उभी राहिली.

"मोठ्यानं सांगा, विहीणबाई," ती म्हणाली. "बँडवाल्यांना ऐकू गेलं नाही."

एल्विराचा चेहरा पांढराफटक पडला, मग लाल झाला. तिनं एकदा फाटकाकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. मग कमरेवर हात ठेवले, मान वर केली आणि बाजारात भाव ओरडून सांगतात त्या आवाजात, शेजारच्या गच्चीवरचे कुत्रेही भुंकायला लागतील अशा आवाजात ओरडली, "माझी आई पोयेरावाली होती!"